पितळ लाईनचा लाल बस्ता

१
मालक: लाईन सुधार मंडळ
दर्शनी लांबी: नाही. जिन्यावरची खोली.

बस्ता उघडला आणि आत कॅलेंडरं निघाली.

गुरुवार, एकतीस मार्च दोन हजार अकरा. सकाळचे साडेदहा. गोंदियाच्या पितळ लाईन या भांडीबाजाराच्या गल्लीत, मंडळाच्या खोलीत चौघे उभे होते, आणि टेबलावर तो लाल बस्ता, म्हणजे कागदपत्रांचं कापडी गाठोडं. मंडळाचे कागद सांभाळणाऱ्या केशोराव रहांगडाल्यांनी तो स्वतः काल संध्याकाळी कपाटात ठेवला होता, आज स्वतः काढला आणि गाठही स्वतःच सोडली. आत लाईनमधल्या एकवीस घरमालकांची संमतीपत्रं असायला हवी होती. त्याऐवजी जुन्या कॅलेंडरांची पानं होती. बरोबर एकवीस. संमतीपत्राच्या मापाने, कात्रीने, अगदी सरळ कापलेली.

"हे काय होय जी?" मंडळाचे अध्यक्ष खुमेंद्र पटले म्हणाले.

 केशोरावांचा हात अजून गाठीच्या टोकावर होता.

पाच वर्षांपूर्वी पितळ लाईनच्या घरमालकांनी एकत्र येऊन हे मंडळ काढलं. ज्याच्या जागेची रस्त्याकडची लांबी जितके फूट, तितका त्याचा वाटा. त्यातून लाईनची झाडलोट, दिवे, नाली आणि एक चौकीदार. नगर परिषदेने परवानगी दिली ती पाच वर्षांची. ती आज संपत होती. ती पुढे चालवायची तर लाईनच्या तीनशे दहा फुटांपैकी निम्म्याहून जास्त फुटांच्या मालकांच्या सह्या आज पाचच्या आत परिषदेच्या खिडकीवर द्यायच्या होत्या. सह्या जमल्या होत्या एकशे अडुसष्ट फुटांच्या. काठावर, पण जमल्या होत्या.

"नव्यानं घेता नाही येणार," खुमेंद्रची सून नीतू केशोरावांना हळूच म्हणाली. मंडळाचं टायपिंग ती करायची. "आठ मालक बाहेरगावी आहेत, काकाजी. तीन तर रायपूरला."

खुमेंद्रनी दाराकडे पाहिलं. दारात चौकीदार सेवकराम उभा होता, टोपी हातात घेऊन.

"खोलीची किल्ली रात्री कोणाजवळ राहते?" खुमेंद्रनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

२
मालक: सेवकराम, चौकीदार
दर्शनी लांबी: एक स्टूल

"मी कायले घेऊ जी कागद?" सेवकराम म्हणाला. "मंडळ बंद झालं त मीच घरी बसतो."

"कोणी हातावर काही ठेवलं असंल."

"पटलेजी, तोंड सांभाळा. पाच वर्स झाले, कोनाच्या शटरची एक कडी बी नाही हालली."

"कपाटाचं कुलूप शाबूत आहे," केशोराव मध्ये पडले. "त्याची किल्ली माझ्याजवळ आणि नीतूजवळ. सेवकरामजवळ फक्त खोलीची."

"कपाटाच्या कुलपाले काय लागते? तार घातली की उघडते," खुमेंद्र म्हणाले.

"साहेब, मी एक सांगतो," सेवकराम केशोरावांकडे वळला. "काल तुमी बस्ता ठेवाले आले तवा मी पायलो. त्याचा कपडा..."

"कपड्याचं पुराण नको सांगू!" खुमेंद्र ओरडले. "पाच वाजेपर्यंत कागद नाही आले त मी ठाण्यात जातो. तुझं नाव लिहून देतो."

सेवकरामने टोपी घातली, काढली, परत घातली. मग खाली जाऊन आपल्या स्टुलाजवळ उभा राहिला. बसला मात्र नाही.

केशोराव खिडकीपाशी आले. एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, आणि ती सांगण्याची त्यांना भीती वाटत होती.

गाठ त्यांची होती.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं बस्ते बांधले. तिथली एक गाठ होती: दोन वेढे, टोक डावीकडून आत, आणि वर एक लहानसा कान. कोणी परक्याने सोडली तर पुन्हा तशी बांधता येत नसे. म्हणून तर ती बांधायची. ही गाठ साऱ्या जिल्ह्यात चार माणसांना येत होती. उदाराम, दुधराम, चैतराम मेंढे आणि ते स्वतः. चैतराम सगळ्यांत मोठे, त्यांनीच बाकीच्यांना शिकवली. पहिले तिघे वारले.

म्हणजे बस्ता बांधणारा माणूस एकच उरत होता.

ते पासष्ट वर्षांचे होते. कुडव्यात भाड्याच्या खोलीत एकटे राहत. मागच्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून मोटरसायकलवर इथे निघून आले होते. घरातली कॅलेंडरं आपणच कापली, आपणच बांधली आणि विसरलो, असं तर नाही? बायको, भूमेश्वरी, असती तर तिला विचारलं असतं. विचारायला घरात कोणी नसणं ही फार विचित्र गोष्ट असते. आपण वेडे झालो की नाही, हे सांगायलासुद्धा माणूस लागतं.

त्यांनी बस्ता परत बांधला, काखेत घेतला आणि जिना उतरले. काल हा बस्ता घेऊन आपण जिथे जिथे गेलो, तिथे तिथे आज जायचं. त्याच क्रमाने.

३
मालक: खुमेंद्र पटले
दर्शनी लांबी: चौदा फूट
संमती: होय

केशोराव काल अडीचला इथे आले होते. पटल्यांच्या दुकानात, पितळी गुंड आणि हंड्यांच्या उतरंडीमागे, बस्ता घेऊन गादीवर बसले होते.

"बस्ता मी खाली ठेवला होता का?" त्यांनी विचारलं.

"तुमी नजर हलवली का त्याच्यावरून?" खुमेंद्र मगाशी चिडले होते, आता थकलेले दिसत होते. "मांडीवरच धरून बसले होते, लेकरू धरल्यासारके. मी म्हनलं चहा घ्या, त म्हने नको."

"साखरेचा असतो तुमचा."

"हौ, आमचा सारा गोडच कारभार." ते हसले नाहीत. "केशोरावजी, एक सांगू? मले सेवकरामचं वाईट वाटते. पन मग कोन? तुमी?"

नीतू गल्ल्यावर बसली होती. तिने कॅलेंडरची पानं एकेक करून पाहिली. "यावर खुणा आहेत, काकाजी."

प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने काढलेलं एक बारीक शून्य होतं. पानामागून पान. क्वचित कुठे बरोबरची खूण.

"दुधाचा हिशोब," खुमेंद्र म्हणाले. "आमच्या घरीबी असाच करते. नाही आला त शून्य."

"इतके खाडे केले तर दूधवाला कशाला ठेवायचा, बाबा?" नीतू म्हणाली. "वर्षात सात-आठ दिवस दूध?"

४
मालक: पत्ता लागला नाही
दर्शनी लांबी: नऊ फूट
संमती: —

शटर बंद.

५
मालक: धनेंद्र बिसेन
दर्शनी लांबी: छत्तीस फूट
संमती: नाही

धनेंद्र बिसेनने लाईनमधले तीन गाळे विकत घेऊन एक केले होते आणि बाकीच्यांवर त्याचा डोळा होता. मंडळ मोडलं, लाईन अंधारात गेली, तर भाव पडणार होते. मग तो इथे तीन मजली कॉम्प्लेक्स उभारणार होता. हे तो लपवत नव्हता. लाईनमध्ये एवढा मोकळा माणूस दुसरा नव्हता.

"आओ अंकल, बैठो. सुनलो मी. अब देखो, फायदा किसका? मेरा. तो चोर कौन? मैं." त्याने दोन्ही हात पुढे केले. "बेडी लावा."

"काल तीन वाजता मी इथे आलो होतो."

"मनधरणी कराले. मी नाही म्हनलो. तुमी उठले अन् गेले. माह्या भिंतीवर कॅमेरा हाय, पाहाचा असंल त पाहा. बस्त्याले मी बोटबी नाही लावलो."

त्याने खरोखरच दाखवला. करड्या रंगाच्या पडद्यावर एक वाळलेला म्हातारा आत आला, बस्ता मांडीवर घेऊन बसला, बोलला, उठला आणि गेला. केशोरावांना तो म्हातारा ओळखायला थोडा वेळ लागला. इतका वाकला होता तो.

"पन सच बोलू, अंकल? तुमचं पद गेलं त तुमी काय करान? रोज दहाले येता, पाचले जाता. पगार नाही. काऊन येता?"

केशोराव उठले. दाराबाहेर दुपारचं ऊन रस्त्यावर सांडलं होतं. त्यांनी काखेतला बस्ता चष्म्याजवळ धरला, म्हणजे धनेंद्रच्या प्रश्नाला उत्तर द्यायला नको. आणि मग ते तसेच उभे राहिले.

कपडा लाल होता.

लालच असतो; बस्त्याचा खारवा, ते जाडं सरकारी कापड, लालच असतो. पण त्यांचा खारवा पाच वर्षं मंडळाच्या आणि त्याआधी कचेरीच्या खिडकीत तापून विटकरी झाला होता. हा मात्र लाल होता, पेटीतून कालच काढल्यासारखा. खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली त्यांना तो फरक कळलाच नव्हता. सेवकरामला कळला होता, आणि त्याला बोलू दिलं नव्हतं.

त्यांनी कपडा नाकाशी नेला. कडुनिंब. घडीच्या आत एक वाळलेलं पानही सापडलं.

म्हणजे कोणी त्यांचा बस्ता उघडून आतले कागद बदलले नव्हते. अख्खा बस्ताच बदलला होता. गाठ त्यांची नव्हती. त्यांच्या गाठीसारखी होती. आपण विसरलेलो नाही, वेडे झालेलो नाही. केशोरावांना भर रस्त्यात एवढा आनंद झाला की त्यांनी एका अनोळखी सायकलवाल्याला रामराम केला.

मग आनंद ओसरला. कारण आता प्रश्न असा होता: सरकारी खारवा आणि रेकॉर्ड रूमची गाठ, दोन्ही ज्याच्या घरी आहेत असा जिवंत माणूस कोण?

जिवंत कोणीच नव्हता.

६
मालक: सुलोचनाबाई चैतराम मेंढे
दर्शनी लांबी: बावीस फूट
संमती: होय

लाईनच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. खालचं बावीस फुटी शटर तीन वर्षं बंद होतं, भाडेकरू गेल्यापासून. तिच्या बावीस फुटांवरच सारं अडलं होतं. ते नसते तर एकशे सेहेचाळीस. म्हणजे परवानगी संपली. फेब्रुवारीपासून दोन्ही पार्ट्या तिचा जिना चढत होत्या. खुमेंद्र लाडू घेऊन, धनेंद्र फळं घेऊन, नीतू फॉर्म घेऊन. ती सगळ्यांना म्हणायची, "उद्या सांगतो." सत्तावीस मार्चला तिने सही केली.

"या, भाऊजी," दार उघडून ती म्हणाली. "आज बी आले? बसा. चहा मांडतो, बिनसाखरेचा."

"वहिनी, काल मी घरपट्टीच्या झेरॉक्ससाठी आलो होतो..."

"हौ. अन् माही ट्यूबलाईट बी ठीक करून देली. पाहा, आता लुकलुक नाही करत."

समोर चैतरामचा फोटो होता, हार घातलेला. केशोरावांचे साहेब, मोठे भाऊ, गुरू, जे म्हणाल ते. अडीच वर्षं होत आली त्यांना जाऊन.

"पोराचा, रोशनचा फोन येतो?" केशोरावांनी विचारलं.

"रविवारी. पुन्याहून. पोरीचा, टीनाचा बी येते कधी कधी. फोन काय, येते." तिने कप समोर ठेवला. बशीचा आवाज झाला तशी ती हसली. "ते असते त अर्धा चहा बशीत सांडला असता. हात किती थरथरत! नोकरीची शेवटची दोन वर्सं त कप धरता येत नव्हता. मीच पाजत होतो."

केशोरावांनी चहा घेतला, इकडतिकडचं विचारलं, आणि निघाले. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की बस्त्याचा विषय आपण काढलाच नाही. तिनेही काढला नाही. काखेत बस्ता होता, तिच्या डोळ्यांसमोर अर्धा तास होता, आणि तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दुपारचे अडीच वाजले होते.

७
ऑक्टोबर २००९

० ० ०
० ० ० ० ० ० ०
० ० ० ० ० ✓ ✓
✓ ✓ ० ० ० ० ०
० ० ० ० ० ० ०

नोव्हेंबर २००९

० ० ० ० ० ० ०
० ० ० ० ० ० ०
० ० ० ० ० ✓ ०
० ० ० ० ० ० ०
० ०

८
मालक: नगर परिषद
दर्शनी लांबी: चौकातला एक बाक

ते बाकावर बसले होते, मांडीवर ही दोन पानं घेऊन. सोळा ते एकोणीस ऑक्टोबर: छापलेली दिवाळी. चार दिवस सलग खुणा. दिवाळीत काय येतं? पाहुणे येतात, मुलं येतात.

येणं. जाणं नव्हे, येणं. इथे दुधाचा हिशोब नव्हता. माणसांचा होता.

मग वीस नोव्हेंबर. अख्ख्या महिन्यात एकच खूण. सण नाही, सुट्टी नाही, शुक्रवार. त्या दिवशी कोणाच्या घरी कोण गेलं असेल?

आणि मग त्यांना आठवलं. ते स्वतः गेले होते. चैतरामला जाऊन बरोबर एक वर्ष झालं होतं. भूमेश्वरी तेव्हा होती. तिने पाठवलं होतं, "वहिनी एकट्या असतील, जाऊन या जी" म्हणून. ते गेले, अर्धा तास बसले, चहा घेतला, आले. पुन्हा येतो म्हणाले होते. त्यानंतर सव्वा वर्ष त्या जिन्यावर त्यांनी पाय ठेवला नव्हता. मंडळाच्या खोलीतून तो जिना दिसत होता.

त्यांनी पानं उलटली. डिसेंबर: सगळी शून्यं. जानेवारी: सगळी. लाईन खाली वाहत होती, माणसांनी, हातगाड्यांनी, लग्नाच्या खरेदीने. आणि वर, डोक्यावर बारा फुटांवर, कोणीतरी रोज संध्याकाळी पेन्सिल घेऊन एक शून्य काढत होतं.

राहिली गाठ.

चैतरामचे हात थरथरत होते, नोकरीची शेवटची दोन वर्षं. कप धरता येत नव्हता. पण त्या दोन वर्षांत ते नकला तपासायला बस्ते घरी नेत, आणि सकाळी बस्ते कचेरीत परत येत. केशोराव ते मोजून घेत. एकही गाठ सैल नव्हती. दोन वेढे, टोक डावीकडून, वर कान. साहेबांची गाठ म्हणजे गाठ, असं ते सगळ्यांना दाखवत.

त्या हातांनी?

चौतीस वर्षं ते म्हणत आले की ही गाठ चार माणसांना येते. रेकॉर्ड रूममध्ये चार माणसं होती, म्हणून चार. घरी बस्ता कोण बांधतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाकीच्या दोघांनीही विचारलं नव्हतं. पाचवं माणूस मोजायचं राहून गेलं होतं.

काल वहिनींकडे ते स्टुलावर चढून भिंतीकडे तोंड करून ट्यूबलाईटचा स्टार्टर फिरवत होते, तेव्हा बस्ता मागे पलंगावर होता. साऱ्या दिवसात फक्त तेवढाच वेळ तो त्यांच्या हातात नव्हता.

घड्याळात साडेतीन.

९
मालक: सुलोचनाबाई चैतराम मेंढे
दर्शनी लांबी: बावीस फूट
संमती: विचारायची आहे

"दुसऱ्यांदा आले?" ती दारात म्हणाली. "एका दिवसाच्या चौकोनात एकच खून करतो मी. दोन करता नाही येत."

मग तिने त्यांच्या हातातली पानं पाहिली आणि बाजूला झाली.

स्वयंपाकघराच्या दाराजवळ यंदाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. फेब्रुवारी उलटून मार्च लागलेला. केशोरावांनी ते जवळून पाहिलं. एक तारखेपासून सत्तावीसपर्यंत खुणाच खुणा. अठ्ठावीस: शून्य. एकोणतीस: शून्य. तीस: खूण. एकतीसच्या चौकोनातली खूण ताजी होती, दुपारची.

"जो बसला, चहा घेतला, तोच मोजाचा," ती म्हणाली. "गॅसवाला नाही, मीटरवाला नाही. दारातून बोलून गेला त नाही."

"वहिनी, बस्ता कुठं आहे?"

"तुमाले कसं समजलं?"

"गाठीनं. पहिल्यांदा वाटलं, साहेबांचं भूत आलं."

ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "त्याइनंच शिकोली. म्हने, कचेरीत कोनाले सांगू नको, इज्जत जाइल. दोन वर्सं बांधलो मी. तुमी म्हनत ना, साहेबांची गाठ म्हंजे गाठ? घरी येऊन सांगत मले. मी खुश होऊन जाव."

केशोराव खाली बसले.

"सह्या देईपर्यंत सारे आले," ती म्हणाली. "तो धनेंद्र त रोज. चांगला पोट्टा हाय, बोलते लय. पटलेची नीतू मले मोबाईल शिकवत होती. सही केली अन् संपलं. दुसऱ्या दिवशी मी दोन कप जास्तीचा चहा मांडलो. कोनी नाही आलं. सांजेपर्यंत जिन्याकडे कान देऊन बसलो. नीतू म्हने एकवीस सह्या झाल्या, त तितकीच जुनी पानं कापून पेटीतल्या खारव्यात बांधून ठेवली."

"म्हणून बस्ता ठेवून घेतला?"

"मागच्या खेपेस, मंडळ काढलं तवा, मुदत वाढवून देली होती ना, पंधरा दिवस? मले वाटलं, कागद हरवले म्हनतील, मुदत भेटल, पुन्हा येतील सारे सह्या मागाले. मंग मी बस्ता दारात ठेवून देतो, म्हनतो भेटला. कोनाचं काय जाते?"

"या खेपेस मुदत नाही, वहिनी. आज पाचला संपते."

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"आणि पटले सेवकरामला ठाण्यात नेणार आहेत. त्यानं चोरलं म्हणून."

"सेवकरामले? काऊन? त्यानं काय केलं?" ती उभी राहिली, पदर खोचला, आणि आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. ती आली तेव्हा तिच्या हातात विटकरी झालेला बस्ता होता, कडुनिंबाची पानं चिकटलेली. दोन वेढे, टोक डावीकडून आत, वर कान.

"सोडला नाही मी. दुसऱ्याच्या कागदाले हात नाही लावाचा, ते म्हनत." तिने तो त्यांच्या हातात दिला. "जा लवकर. अन् पटलेले मीच सांगतो, मी घेतला म्हनून. चोराले जे कराचं ते करा."

केशोराव जिन्यावर थबकले. खाली रस्त्यावर सेवकराम अजून उभाच होता.

"नका सांगू," ते म्हणाले.

१०
खिडकी क्रमांक तीन
एकशे अडुसष्ट फूट

चार वाजून चाळीस मिनिटांनी बाबूने एकवीस कागद मोजले, फूट जोडले, शिक्का मारला. "बहुत लास्ट मोमेंट पे आते हो, अंकल," तो म्हणाला, आणि पोच दिली.

लाईनवर परतले तेव्हा पटल्यांच्या दुकानासमोर सारे जमले होते. केशोरावांनी पोच खुमेंद्रच्या हातात ठेवली.

"कुठं भेटला?"

"माझ्याच घरी होता," केशोराव म्हणाले. वाटेत त्यांनी हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं होतं. "काल संध्याकाळी जरा घरी गेलो होतो. रद्दीचा एक बस्ता बांधून ठेवला होता. तोच उचलून आणला. खरा घरीच राहिला."

 धनेंद्र फिसकन हसला, मग त्यालाही ते बरं वाटलं नसावं. तो आपल्या दुकानात गेला.

"अन् मी या मानसाले..." खुमेंद्रनी सेवकरामकडे पाहिलं आणि हात जोडले. मग केशोरावांकडे वळले. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता, आणि तेच केशोरावांना सहन होत नव्हतं. "वय झालं जी तुमचं. आराम करा आता. कागद नीतू पाहून घेइल. किल्ली देऊन टाका."

केशोरावांनी किल्ली काढून नीतूच्या हातावर ठेवली. तिने ती घेतली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती शून्यांचं पान विसरली नव्हती. रद्दी होती तर रद्दी, पण ती शून्यं कोणाची, हे तिने विचारलं नाही. म्हाताऱ्याचीच असतील, असं तिला वाटलं असेल. तसं ते फार चुकीचंही नव्हतं.

सेवकराम त्यांच्या बस्त्याकडे पाहत होता. विटक्या कपड्याकडे. मग तो स्टुलावर बसला.

११
मालक: कोणीतरी दुसरं. केशोराव रहांगडाले, भाडेकरू.
दर्शनी लांबी: दाराएवढी

एक एप्रिलला दहा वाजता ते सवयीने तयार झाले आणि मग मोटरसायकलची किल्ली हातात घेऊन पाच मिनिटं उभे राहिले. जायचं तरी कुठे? शेवटी गेले. मंडळाच्या जिन्यावरून नाही, टोकाच्या जिन्यावरून. सुलोचनाबाईंकडे तासभर बसले. ती फार बोलली नाही, तेही नाही. निघताना तिने पेन्सिल घेतली, चौकोनात खूण केली, आणि म्हणाली, "उद्या याच पाहिजे असं नाही, भाऊजी." ते म्हणाले, "बरं."

संध्याकाळी कुडव्यात, खोलीच्या पायरीवर, सायकल थांबली. सेवकराम होता.

"अरे, ये. ड्युटी नाही का?"

"आता जाऊन राहिलो. रस्त्यानं जात होतो म्हनलं..." मुर्रीला राहणारा माणूस लाईनवर जायला कुडव्यावरून जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. "साहेब, परवा सांजेले तुमी कपाटात ठेवला तो बस्ता लालभडक होता. मले वाटलं नवा कपडा घेतला. अन् परवा तुमी घरी गेलेच नव्हते. पाच वाजेपर्यंत माह्या समोर लाईनवरच होते."

"हौ."

"मंग खोटं काऊन बोलले? किल्ली गेली तुमची."

"बस. चहा घे."

"नाही जी, उशीर होते."

"घे रे."

त्यांनी चहा केला. सेवकरामने तो दारातच, सायकलच्या हँडलवर एक हात ठेवून, उभ्या उभ्या फुंकून प्यायला. कप पायरीवर ठेवला. "दुसऱ्याले नाही सांगत मी," म्हणाला, आणि कशाबद्दल ते न विचारताच गेला.

केशोराव आत आले. भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं, चौकोन सगळे कोरे. त्यांनी खूप शोधून एक पेन्सिल काढली, चाकूने टोक केलं आणि एक एप्रिलच्या चौकोनाशी उभे राहिले.

चहा घेतला होता. बसला मात्र नव्हता.

वहिनींना विचारायला हवं, असं त्यांना वाटलं. उद्या. तोवर त्यांनी शून्य काढायला घेतलं, आणि अर्ध्यावर आणून सोडून दिलं.